लहानूच्या पायातलं वारं

"उभ्याला देव, बसल्याला भेव," असं लहानू म्हणायचा. जेवायला पाट मांडला तरी म्हणायचा, पाहुण्याच्या ओट्यावर घोंगडी अंथरली तरी म्हणायचा, आणि एसटीत जागा रिकामी असली तरी दांडी धरून उभा राहायचा नि शेजारच्याला ऐकवायचा. हातावर भाकरी, भाकरीवर ठेचा आणि अंगणात येरझारा, असं त्याचं जेवण. अंबूबाई लग्न होऊन खैरओहोळला आली तेव्हा सुरुवातीला तिला वाटलं, नवरा रुसून फिरतोय. मग कळलं, की हा माणूस असाच. झोपतानासुद्धा एक पाय बाजेवरून खाली सोडायचा, कुणी हाक मारली तर निघायला बरं म्हणून.

खैरओहोळ पेठच्या वाटेवर आहे. नाशिक सुटलं, द्राक्षांचे मांडव मागं पडले आणि भाताची खाचरं लागली, की डाव्या हाताला डोंगराच्या पोटात घरं दिसतात. तिथं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला बोहाडा होतो. लाकडाचे मुखवटे तोंडावर बांधून, संबळ-पिपाणीच्या तालावर देवांची सोंगं गावातून नाचत येतात. कुणाच्या घरी कोणतं सोंग, हे पणजोबांच्या काळात ठरलेलं. गणपती एका घरचा, वेताळ दुसऱ्या घरचा आणि नरसिंह लहानूच्या घरचा. उंबराच्या लाकडाचा तो मुखवटा, जबडा उघडलेला, जीभ लालभडक. वर्षभर तो माळ्यावर टोपलीत, पांढऱ्या फडक्यात असायचा, आणि त्याच्या खालून जाताना अंबूबाई इतक्या वर्षांनीही पदर सावरायची.

लहानूला हा नाच त्याच्या बापानं शिकवला होता. उन्हाळ्यात नांगरून टाकलेल्या शेतात, ढेकळांवर. "ढेकूळ फुटलं पाहिजे, पण घोटा मुरगळला नाय पाहिजे," म्हातारा बांधावरून ओरडायचा. असा शिकलेला पाय. फटफटायच्या वेळी नरसिंहाची पाळी यायची; कामट्यांचा आणि कागदाचा खांब फाडून लहानू बाहेर पडायचा, संबळाच्या घाईवर, चढत्या ठेक्यावर, पाय आपटायचा आणि ताल तुटला की जागच्या जागी दगड व्हायचा. सातपूरला कंपनीत जाणारी गावची पोरं बदली शिफ्ट मागून घेऊन तेवढ्यासाठी यायची.

मग जांभळाचं ते वर्ष आलं.

जांभळाचं झाड भरवशाचं नाही, हे तिकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं. आंब्याची फांदी कुरकुरते, सांगते. जांभळाची काही न सांगता मोडते. मिरगाच्या आधी जांभळं नाशकाला पेठ नाक्यावर विकायला न्यायची म्हणून लहानू शेंड्याकडं चढला. अंबूबाई खाली पदर पसरून उभी होती. तिला आधी टपटप जांभळं पडल्यासारखं ऐकू आलं. मग तो पडला, बसल्यासारखा, ढुंगणावर. जन्मभर न बसलेला माणूस असा बसला, की त्याला तिथून बाजेवर घालून आणावं लागलं.

हाडवैद्यानं लेप लावले, कामट्या बांधल्या. पाय हलत होते, तेव्हा सगळे म्हणाले, वाचला. पावसाळा बाजेवर गेला. दिवाळीला तो उभा राहिला, पण निम्माच. बरगड्यांच्या खाली पाठ मोडल्यासारखी पुढं वाकली होती आणि मोडलेल्या जागी मुठीएवढा उंचवटा आला होता. महिन्यागणिक तो वाढत गेला. समोरच्याशी बोलायचं तर लहानूला मान वर करून, कासवासारखं बघावं लागायचं.

आखाजी आली. सगळे धरून चालले होते, की नरसिंह आता धाकटा भाऊ धोंडीराम घेणार. सोंगाचा नेम म्हणून धोंडीरामनं दाढीसुद्धा वाढवली होती. पण लहानूनं स्वतः टोपली खाली घेतली.

"दादा, वाकता येत नाय, नाचशील कसा?" धोंडीराम म्हणाला.

"वाकायचं कशाला? वाकलेलाच हाय मी."

आणि तो नाचला. खांब फाडून बाहेर आला तो माणसासारखा नाही, जनावरासारखा, पाठीचं कुबड वर, मान पुढं, हात जमिनीला लागायला आलेले. आयाबायांनी लेकरांचे डोळे झाकले. त्यानं पाय आपटला, आणि पाय थांबेनाच. संबळ थांबला, पिपाणी थांबली, तरी डावा पाय टाच उचलून थडथड, थडथड वाजत राहिला. जिवंत वारं आलं! सगळं गाव मातीत आडवं झालं. शकुबाई नावाची म्हातारी पुढं सरकली, तिनं त्याच्या कुबडावर हात टेकला आणि तो हात नातवाच्या कपाळाला लावला.

त्या दिवसापासून लोक यायला लागले. सोंगांचा मान ठरवणारे निवृत्तीबुवा म्हणाले, "पाठ मोडली नाय त्याची. देवानं आसन करून घेतलंय." पेठकडून, हरसूलकडून माणसं यायची, कुबडाला हळद लावायची. लहानू आधी लाजला, मग सवयीचा झाला, आणि मग, हे अंबूबाईलाच माहीत, तो त्यात सुखावला. जांभळावरून पडून पांगळा झालेला माणूस आणि देवाचं आसन झालेला माणूस, ह्या दोघांत कुणीही दुसराच निवडेल.

सुख नव्हतं ते अंबूबाईला. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आधी चप्पल. चालता चालता लहानूच्या डाव्या पायातली चप्पल गळायची आणि त्याला पत्ताच नसायचा. तो अनवाणी पुढं, ती मागून चप्पल उचलून. मग चूल. निखारा त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लागला, कातडी जळल्याचा वास तिला आला, त्याला काही आलं नाही. मग तो दर घटकेला लोटा घेऊन आडोशाला पळू लागला, आणि कधी कधी पोचायच्या आधीच उशीर झालेला असायचा. धोतर ती गपचूप धुवायची.

एका सकाळी तो ओट्याच्या कडेला टेकून दात घासत होता. टेकलाच होता, बसला नव्हता. चवडा पायरीवर, टाच अधांतरी. आणि पाय थडथडायला लागला. ना संबळ, ना मुखवटा, तोंडात राखुंडीचा फेस. अंबूबाईनं इकडंतिकडं बघितलं, खाली वाकली आणि त्याचा गुडघा हातानं दाबून धरला. टाच पायरीला टेकली. थरथर थांबली.

तिनं हात असा मागं घेतला, जसा निखाऱ्यालाच लागला. देवाला तिनं हातानं थांबवलं होतं. नाहीतर मग तो देव नव्हता. दोन्ही विचार सारखेच भयंकर होते, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. त्यानंतर ती भाकरी थापताना पाय बघायची, पाणी भरताना पाय बघायची. सोंग जाईल, मान जाईल, ह्याची धास्ती त्याला होती. तिची धास्ती एवढीच होती, की एक दिवस दोन्ही चपला दारात राहतील आणि माणूस कायमचा बाजेवर.

लेक निकिता सातपूरला दिलेली होती. जावई राकेश तिथं लेथवर कामाला. निकिता दिवाळीला आली, बापाचं धोतर दोरीवर पुन्हा पुन्हा वाळत घातलेलं तिनं बघितलं आणि आईला कोपऱ्यात घेतलं. नंतर बापापुढं जाऊन म्हणाली, "आबा, माझ्या घरी चला दोन दिवस."

"कशाला? तुझ्या त्या खोलीत उभं राहायला तरी जागा हाय का?"

"नसू दे. तुम्हाला लघवीचं दाखवून आणते. पाठीचं नाय, लघवीचं."

पाठीचं म्हटली असती तर तो आला नसता. लघवीची लाज देवापेक्षा मोठी निघाली. तो आला.

दवाखान्यात पहिल्या डॉक्टरनं तपासून दुसऱ्याकडं, मणक्याच्या डॉक्टरकडं पाठवलं. तो तरुणच होता, सावकाश बोलणारा. लहानूला उताणं झोपता येईना, कुबड टोचायचं, म्हणून त्याला कुशीवर निजवलं. डॉक्टरनं एक हात त्याच्या पोटरीखाली घातला, दुसऱ्या तळव्यानं त्याचा चवडा झटक्यात वर दाबला आणि तसाच धरून ठेवला.

पाय वाजायला लागला. थडथड, थडथड, थडथड. तोच ताल. पांढऱ्याधोप खोलीत, भर दुपारी.

डॉक्टरनं हात सोडला. पाय निजला.

लहानू म्हणाला, "परत दाबा."

"दुखतंय का काका?"

"दुखत नाय. परत दाबा."

डॉक्टरनं दाबला. आला. सोडला, गेला. तिसऱ्यांदा लहानूनं मान वळवून स्वतःच्या पायाकडं बघितलं, आणि अंबूबाईकडं बघून हसायला लागला. "बघितलं का गं? आमच्या नरसिंहाला ह्यानं फटफटीवानी किक मारून चालू केला."

डॉक्टरला काही समजलं नाही. त्यानं फोटो लावून दाखवला. पडताना एक मणका पुढून चेपला गेला होता, लाकूड फोडायच्या पाचरीसारखा. वरची पाठ त्याच्यावर पुढं झुकत गेली. आतली मज्जारज्जू त्या उंचवट्यावरून ताणली गेली होती, दगडावरून ओढलेल्या चऱ्हाटासारखी. डोक्याचा निरोप पायाला नीट पोचत नव्हता, म्हणून पाय बेलगाम झाले होते. मागून उघडायचं, बिघडलेलं हाड कापून काढायचं, वर-खाली स्क्रू घालायचे, दोन सळया बसवायच्या आणि पाठ हळूहळू सरळ करायची.

"केलं तर पाय पहिल्यासारखे होतील असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाला. "आहेत तेवढे टिकावेत, जमलं तर सुधारावेत. ऑपरेशनमध्ये आहेत तेही जायचा धोका असतो, तो लपवत नाही. पण नाही केलं तर जाणार."

"आणि वारं?" लहानूनं विचारलं.

"वारं?"

"थरथर," अंबूबाई हळूच म्हणाली.

"ती कमी व्हावी म्हणून तर सगळं करायचं, काकू."

लहानू उठला आणि बाहेर पडला. दवाखान्याच्या भिंतीला धरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत ह्या टोकाला. अंबूबाई त्याच्या मागं, एका हातात त्याची चप्पल. रिक्षावाले बघत होते.

बातमी गावाला पोचायला वेळ लागला नाही. निवृत्तीबुवा एसटीनं सातपूरला आले. निकितानं चहा ठेवला. खोली एवढीशी, राकेश रात्रपाळी करून भिंतीकडं तोंड करून झोपलेला, आणि बाहेर कंपन्यांच्या बसगाड्यांचे हॉर्न. बुवा पलंगावर बसले. लहानू दारात उभा.

"लहानू, पाठ उघडायची म्हणतात. ऐकलं ते खरं का?"

"ठरलं नाय अजून."

"देवाचं आसन हाय ते. त्याच्यावर सुरी चालवायची? उद्या गावावर काही आलं तर?"

लहानू एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर भार टाकत राहिला. अंबूबाई मोरीपाशी कप विसळत होती. पाण्याचा आवाज बंद झाला.

"बुवा," ती म्हणाली, "राखुंडी लावताना येतो तो कोणता देव? आडोशाला बसल्यावर येतो तो कोणता? मी गुडघा दाबला तर थांबतो. माझ्यासारखीच्या हातानं थांबतो."

"बाईमाणसानं..."

"बाईमाणसानंच धोतरं धुतली. आणि देव पाठीवर बसला असंल तर बसला. तीन आखाज्या झाल्या. त्याला आता उतरायला काय होतं? बाकीच्यांच्या पाठी ओस पडल्यात का?"

राकेश झोपेचं सोंग घेऊन पडला होता, त्याचे खांदे हलले. बुवांनी कप खाली ठेवला. आणि दारातून लहानूचा आवाज आला, जरा घोगरा. "बुवा, देव असंल तर सळईवर पण बसंल. मला चालता आलं पाहिजे. बसून राहिलो तर मी मरंन."

ऑपरेशनच्या दिवशी बसून राहायची पाळी बाकीच्यांवर आली, आणि कुणालाच ते जमलं नाही. अंबूबाई जिना उतरायची, चढायची. राकेश पानटपरीवर जायचा, काही न घेता परत यायचा. धोंडीराम गावाहून आला होता, तो दर वेळी तेच विचारायचा, "दादा बाहेर आला का?" आत गेला तेव्हा उजाडलं होतं, बाहेर आणला तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टरनं तोंडावरचा कपडा खाली ओढला आणि अर्धवट शुद्धीतल्या लहानूच्या कानाशी वाकून म्हणाला, "काका, अंगठा हलवा."

चादरीखाली काही हललं नाही.

"काका, अंगठा."

अंबूबाईनं चादर वर केली. जळल्याचा डाग असलेला डावा अंगठा आधी थरकला, मग मुद्दाम हलवल्यासारखा खाली-वर झाला. ती भिंतीला टेकली आणि तिथंच खाली बसली.

गावाला आणला तेव्हा तो मळ्याच्या बुजगावण्यासारखा ताठ होता, कमरेला पट्टा, हातात चौपायी काठी. घरात शिरताना चौकटीवर कपाळ आपटलं. तीन वर्षं तो तिच्या खालून सहज जात होता. सदरे आखूड झाले. वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. खाली पडलेली काडीसुद्धा तो बोट दाखवून अंबूबाईला उचलायला लावायचा. चपला तीच घालायची. येरझारा मात्र सुरू झाल्या, आधी अंगणापुरत्या, मग वेशीपर्यंत.

पण आता ओट्यावर कुणी येत नव्हतं. हळदीची पुडी घेऊन पेठहून कुणी उतरत नव्हतं. लहानू कधी कधी सकाळी मुद्दाम चवडा पायरीवर टेकवून, टाच अधांतरी सोडून उभा राहायचा. पाय थोडासा कापायचा आणि गप्प व्हायचा. तो वाट बघायचा. अंबूबाई चुलीपुढून बघायची, की हा कशाची वाट बघतोय. तिनंच तर बोलून ते घालवलं होतं.

"गेलं," तो एकदा म्हणाला. दुःखानं की सुटकेनं, तिला समजलं नाही.

आखाजी आली. ह्या खेपेला टोपली धोंडीरामनं उतरवली. मुखवटा जड, लहानूनं तो मानेवर घ्यायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या गावची रीत अशी, की ज्याचं सोंग सुटतं त्यानं एकदा तरी नव्या सोंगापुढं वाटाड्या व्हायचं, टेंभा धरून त्याला वाट दाखवायची, कारण मुखवट्याच्या भोकांतून धड काही दिसत नाही. बुवांनी विचारलं, "टेंभा तरी पेलशील का?"

"टेंभा काय, जाळच तो. त्याला काय वजन?" लहानू म्हणाला.

पूर्वेला फटफटलं. संबळ वाजला. कागदाचा खांब फाटला आणि धोंडीराम बाहेर आला, पण अडखळत. पाय आपटला तो तालाच्या मागं पडला. पुन्हा आपटला, पुन्हा मागं. गर्दीत एक पोरगी फिदीफिदी हसली. "आता काय मजा नाय," कुणीतरी बोललं. "देव गेला त्या घरातनं." अंबूबाई बायांच्या रांगेत होती. ते शब्द तिच्या पाठीत घुसले.

लहानूनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यानं टेंभा डाव्या हातात घेतला, धोंडीरामच्या समोर तोंड करून उभा राहिला, ताठ, आणि उजवा पाय आपटला. मग डावा. ढेकूळ फुटावं असा. मुखवट्यातून धोंडीरामचा दबका आवाज आला, "दादा, नको, तुझी पाठ..."

"गप. माझ्या पायाकडं बघ. वारं येत नाय, आणावं लागतं. हं, आपट!"

धोंडीरामनं आपटला. संबळवाल्यानं मान डोलावली आणि घाई धरली. एक मोडून जुळलेला, एक मुखवट्यात आंधळा, असे दोघे भाऊ समोरासमोर पाय आपटत मागं-पुढं सरकायला लागले. धूळ उडाली. हसणारी पोरगी आईच्या कमरेला चिकटली. आणि संबळाचा ताल एकदम तुटला.

अंबूबाई मुखवट्याकडं बघत नव्हती. तिची नजर जळक्या अंगठ्याच्या त्या डाव्या पायावर होती.

पाय थांबला होता. आपटून, रुतून, जागच्या जागी दगडासारखा.

उजाडल्यावर मुखवटा उतरवला. धोंडीरामचं तोंड घामानं भिजलेलं होतं. लोक त्याच्या पाया पडत होते. शकुबाई सवयीनं लहानूच्या मागं आली, तिनं हात वर केला आणि तो पाठीवर सपाट पडला. ती चाचपत राहिली.

"तिथं आता काय नाय, मावशे," लहानू म्हणाला. "लोखंड हाय."

"थंड लागतं का रे?"

"आतून लागतं कधीमधी."

तिनं थोडा विचार केला आणि हात तसाच नातवाच्या कपाळाला लावला.

पंगत बसली. लहानूला पहिला पाट मांडला होता. "नंतर," तो म्हणाला, आणि अंबूबाईला हात केला. तिनं वाकून त्याच्या पायात चपला घातल्या. काठी त्यानं ओट्याला टेकवून ठेवली. ती उचलून द्यावी म्हणून अंबूबाई पुढं झाली, आणि परत फिरली.

तो खाचरांच्या बांधावरून निघाला, जांभळाच्या वाटेनं, सावकाश, पाय जरा फेकत. पंगतीतून धोंडीराम मान वर करून बघत होता, घास हातात तसाच. निवृत्तीबुवा बघत होते. अंबूबाई ओट्याच्या टोकाला गेली, मग अंगणात, मग वेशीच्या दगडापर्यंत. तिची नजर पाठीवर नव्हती, खाली होती. बांध उतरला, ओहळ आला, दगडांवरून पाय पडला. डावी चप्पल टाचेशी जरा हेलकावली. तिचा हात आपोआप पुढं झाला, उचलायला.

चप्पल पायातच राहिली. तो पलीकडं चढला.